‘तिरस्कृत’ म्हणजे नामंजूर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटायच्या वेळी व्हरांड्यात आमचा एक माजी विद्यार्थी येऊन बसला. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला, आज वय पंचेचाळिशीच्या पुढे. हातात चार घड्या घातलेला कागद. म्हणाला, “गुरुजी, एवढं वाचून सांगा. पोरगी म्हणते, सरकारनं माझा तिरस्कार केलाय म्हणून लिहिलंय.”

कागद नाडकचेरीतला होता. अर्जाच्या निकालाची जी चिठ्ठी मिळते, तिला तिकडे ‘हिंबरह’ म्हणतात, ती ही. सातवीतल्या मुलीने अक्षर अक्षर जुळवून वाचले होते आणि शेवटच्या शब्दाशी ती थांबली होती: ‘तिरस्करिसलागिदे’. आम्ही त्याला समजावले, बाबा रे, कन्नडात तिरस्कृत म्हणजे नामंजूर. कारकुनाने तुझा तिरस्कार वगैरे काही केलेला नाही, अर्ज फेटाळला एवढेच लिहिले आहे. त्याने कागदाची पुन्हा घडी घातली आणि म्हणाला, “मला दोन्ही एकच की, गुरुजी.”

आळंद तालुक्यात, खजुरीपासून हिरोळीपर्यंतच्या पट्ट्यात, मराठी माणसाला कन्नड बोलता येत नाही असे नाही. बाजारात, एस.टी.त, शेतावर तो दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलतो. अडते ते कागदाशी. चाळिशी ओलांडलेल्या ज्यांनी मराठी शाळेत चार इयत्ता काढल्या, त्यांच्या डोळ्यांना कन्नड लिपी सरावाची नाही. ‘हेसरु’ म्हणजे नाव, ‘तंदे’ म्हणजे वडील, ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न, ‘पडितर चीटी’ म्हणजे रेशन कार्ड. हे शब्द कानाला ठाऊक असतात, कागदावर ते ओळखू येत नाहीत. ‘विळास’ या रकान्यापुढे एका आजोबांनी आपल्या मुलाचे नाव लिहिलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. मुलाचे नाव विलास होते. विळास म्हणजे पत्ता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

वाचक म्हणतील, यात हसण्यासारखे आहे. असेल. पण त्या रकान्यामुळे अर्ज परत आला आणि म्हातारबाबांच्या आंधळ्या पत्नीची पेन्शन त्या फेरीत गेली.

आता मूळ विषयाकडे येऊ. अपंगांना (हल्ली शासन ‘दिव्यांग’ म्हणते, कर्नाटक शासन ‘विकलचेतन’ म्हणते, आणि गावात काय म्हणतात ते आम्ही इथे लिहीत नाही) मिळणारी मदत ही कोणाची मेहेरबानी नाही. १९९५ साली संसदेने या विषयावर पहिला कायदा केला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्या जागी २०१६चा नवा कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकारांची संख्या सातावरून एकवीस झाली. सिकल सेल, थॅलेसिमिया, ॲसिड हल्ल्याने झालेली विद्रूपता, पार्किन्सन, शिकण्यातील विशिष्ट अक्षमता, या सर्वांचा त्यात समावेश आहे. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के असावे लागते. आमच्या पट्ट्यात आजही बहुतेक लोकांना वाटते की अपंग म्हणजे लंगडा, आंधळा आणि मुका. बाकीचे अर्जच करीत नाहीत.

या कामाच्या दोन पायऱ्या आहेत आणि लोक नेहमी दुसरी पायरी आधी चढू पाहतात. पहिली पायरी दाखल्याची. हा दाखला डॉक्टरांचे मंडळ देते. १ जून २०२१ पासून तो केंद्र सरकारच्या एकाच संगणकीय व्यवस्थेतून दिला जातो आणि त्याबरोबर एक ओळखपत्र मिळते. चाळीस टक्क्यांच्या आत असेल तर त्यावर पांढरा पट्टा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी व त्यावर निळा. दाखला द्यायला २०१७च्या नियमांत एक महिन्याची मुदत होती, २०२४च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. या बदलाने कोणाची सोय झाली हे सांगायला नको. ज्यांच्याकडे जुन्या शिबिरात मिळालेले, हाताने लिहिलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दाखले आहेत, त्यांनी ते या नव्या व्यवस्थेत चढवून घ्यावे. आमच्या विद्यार्थ्याचा अर्ज फेटाळला जाण्याचे पहिले कारण हेच होते.

दुसरी पायरी पेन्शनची. हा अर्ज आपल्या होबळीच्या नाडकचेरीत, म्हणजे अटलजी जनस्नेही केंद्रात द्यायचा. दाखल्याबरोबर आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक लागते. रक्कम टक्क्यांवर ठरते. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असणाऱ्यास अधिक, खाली असणाऱ्यास कमी. केंद्राची जी इंदिरा गांधींच्या नावाची अपंग पेन्शन योजना २००९ साली आली, तिला तर ऐंशी टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशी अट आहे आणि केंद्राचा वाटा महिना तीनशे रुपये आहे. २०१२ सालापासून तो तेवढाच आहे. तीनशे रुपयांत आज काय येते याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

अर्ज दिल्यावर पावती मागून घ्या. कर्नाटकात २०११चा सेवा हमीचा कायदा आहे, ‘सकाल’ या नावाने २०१२ पासून तो राज्यभर चालतो. पावतीवर पंधरा आकडी क्रमांक असतो. मुदत टळली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई मागता येते. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. आमच्या पाहण्यात ती मागणारा एकही मराठी अर्जदार अजून आलेला नाही, कारण बहुतेकांजवळ पावतीच नसते.

अर्ज फेटाळण्याचे दुसरे कारण नाव. यावर आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत, कारण आमच्या भागात भाषेचा जो खरा जाच आहे तो फलकांपेक्षा इथे अधिक आहे.

आमच्या या विद्यार्थ्याचे नाव ‘ज्ञ’ या अक्षराने सुरू होते, एवढेच सांगतो. आपण मराठी माणसे ज्ञ म्हणताना ‘द्न्य’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत डी-एन-वाय अशी सुरुवात करतो. कन्नड बंधू तेच अक्षर ‘ग्न’च्या जवळ उच्चारतात आणि जी-एन किंवा जे-एन असे लिहितात. अक्षर एक, नाव एक, माणूस एक. पण आधारवर डी, रेशन कार्डावर जी आणि दवाखान्याच्या कागदावर जे. संगणकाला ही तीन माणसे दिसली. वरून शेवटच्या ‘अ’चा घोळ वेगळाच. आपला गणेश तिकडे गणेशा होतो, महादेव महादेवा होतो. आडनावाची तर कथाच निराळी. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, सरकारी यादीत नाव आणि पुढे बापाचे नाव, आडनाव कुठेच नाही. पूर्वी पेन्शन पोस्टमन दारात आणून देई. पोस्टमनला गावातला प्रत्येक माणूस तोंडाने ठाऊक होता, नावातला एखादा काना-मात्रा त्याला अडत नसे. आता पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो आणि संगणक तोंड ओळखत नाही.

यावर आमचा सल्ला साधा आहे. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच एकदा पक्के धरा, आणि रेशन कार्ड, पासबुक व दवाखान्याचा अर्ज त्याप्रमाणे करून घ्या. आधारवरच चूक असेल तर ती आधी सुधारा. हे सर्व झाल्यावरच नाडकचेरीची पायरी चढा. उलट क्रमाने गेलेल्यांचे हेलपाटे आम्ही मोजले आहेत. आमच्या या विद्यार्थ्याचे अकरा झाले, आणि प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी बुडाली.

सुनांचा प्रश्न आणखी एक. आळंदचा रोटीबेटी व्यवहार अक्कलकोट, उमरगा, सोलापूरशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लग्न होऊन आलेल्या मुलीच्या आधारवर माहेरचा पत्ता राहतो आणि तिचा अर्ज महाराष्ट्रात जाऊन पडतो. तिचा अपंगत्वाचा दाखला सोलापूरचा असला तरी बिघडत नाही. २०१६च्या कायद्याच्या ५८व्या कलमानुसार तो देशभर चालतो, नवा काढायला लावणे बरोबर नाही. परंतु पेन्शन मात्र जिथे राहतो तिथलीच. काहीजण इकडची पेन्शन आणि तिकडची संजय गांधी निराधार योजना, दोन्हीकडे नाव लावू पाहतात. आधार एकच आहे. हे पुढे उघडकीस येते आणि वसुली निघते. आम्ही अशा अर्जावर मदत करीत नाही, मग कोणी आम्हांला मराठीचा द्रोही म्हणो.

आता एक अशी गोष्ट सांगतो की जिचे उत्तर आमच्याजवळ नाही.

नऊ वर्षांची एक मुलगी. आई-वडील शेतमजूर, घरात फक्त मराठी. मूल बोलायला उशिरा लागले, वर्गात मागे पडले. बौद्धिक अक्षमतेचा दाखला काढावा म्हणून आम्ही त्यांना एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. नाव लिहीत नाही. तिथल्या बाई मायाळू होत्या, घाई नव्हती, पण प्रश्न सगळे कन्नडात. मुलगी आईच्या पदराआड गेली आणि एका शब्दाने बोलली नाही. आई मराठीतून सांगू लागली तर तिला थांबवले, कारण परीक्षेत कोणी सुचवायचे नसते. तो नियम योग्यच आहे. अर्ध्या तासात तपासणी संपली. मुलीला काही येत नाही, असा निष्कर्ष.

आम्ही शिक्षणशास्त्राची पदवी घेतली तेव्हा बुद्धिमापनाचे एक प्रकरण अभ्यासाला होते. त्यात कामतांचे नाव असे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांच्या फ्रेंच कसोटीची आपल्याकडच्या मुलांसाठी आवृत्ती तयार केली, ती मुंबई इलाख्यातल्या कर्नाटक भागात, आणि ती मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतून. बिने-कामत कसोटी म्हणून ती देशभर वापरली गेली. म्हणजे मुलाची बुद्धी त्याच्या घरच्या भाषेत मोजावी, ही गोष्ट मराठी-कन्नड मुलखाला सुमारे नव्वद वर्षांपूर्वी ठाऊक होती. बेरीज येते की नाही हे तपासायचे, की कन्नड येते की नाही हे तपासायचे, हा प्रश्न तेव्हाच सुटला होता.

आम्ही पुन्हा तारीख मागितली. दुसऱ्या खेपेला सोलापूरकडच्या एक परिचारिका तिथे होत्या. बाईंनी विचारले, त्यांनी मराठीत सांगितले, आणि मुलगी हळूहळू बोटे मोजू लागली. रंग सांगितले. गाय, बैल, वासरू ओळखले. बाईंनी स्वतःच आधीचा कागद बाजूला ठेवला. टक्के कमी आले, पण खरे आले.

परतीच्या गाडीत आईने विचारले, “गुरुजी, मराठीत बोलल्यामुळं आमची पेन्शन कमी झाली का?”

झाली होती. पंचाहत्तरच्या वर जाणारा आकडा खाली आला होता. आम्ही तिला सांगितले की आता पोरीला काय शिकवायचे ते कळले, ती शिकेल. हे खरे होते. पण घरात मीठ-मिरचीला लागणारे पैसे त्याने भरून निघत नव्हते, हेही खरे होते. ती माउली गाव येईपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

राज्यघटनेचे ३५०वे कलम सांगते की कोणत्याही नागरिकाला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देता येते. मराठी ही आठव्या परिशिष्टातील भाषा आहे. तेव्हा अर्ज फेटाळला गेला, टक्केवारी चुकीची वाटली, तर मराठीत तक्रार लिहा. कार्यालयाने ‘कन्नडात लिहून आणा’ म्हणून ती परत करू नये. दाखल्याविरुद्ध अपिलाची तरतूद ५९व्या कलमात आहे, आणि बेंगळुरूला अपंगांसाठी राज्य आयुक्त आहेत, त्यांच्याकडेही जाता येते. मात्र एक गोष्ट समजून असावे. ३५०वे कलम निवेदन देण्याचा हक्क देते, मराठीत उत्तर मिळण्याचा नाही. उत्तर कन्नडात येईल. ते वाचणारे कोणी जवळ हवेच.

याशिवाय भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ व १९६१ साली ठरलेली संरक्षणे आहेत. ज्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे त्यांत आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे कार्यालय १९५७ पासून याच कामासाठी आहे. पेन्शनला कोणती कागदपत्रे लागतात याचे एक पान मराठीत नाडकचेरीच्या भिंतीवर लावा, ही मागणी त्या चौकटीत अगदी बसते. त्याला खर्च एका कागदाचा आहे.

पण इथे आम्हांला आमच्या समितीबद्दलही लिहिले पाहिजे. गेली कित्येक वर्षे आम्ही शाळांसाठी, शिक्षकांच्या जागांसाठी, फलकांसाठी निवेदने दिली. ती द्यायलाच हवीत, पुढेही देऊ. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल. पाय नसलेल्या माणसाची पेन्शन तोवर थांबत नाही. आमच्या बैठकांच्या वहीत आम्ही मागे जाऊन पाहिले, ‘अपंग’ हा शब्द एकदाही सापडला नाही. ठराव सगळे आहेत, सह्या सगळ्यांच्या आहेत, आमचीही आहे.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. कचेरीची भाषा उर्दू. जमिनीचे जुने कागद आजही अनेक घरांत उर्दूत आहेत. आजोबांना उर्दूचा अलिफ येत नव्हता, पण म्हणून त्यांनी शेत सोडले नाही. ते अर्जनवीसाकडे जात, दोन आणे टिकवत, लिहिलेले दोनदा वाचून घेत आणि मगच अंगठा उठवत. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, १९५६ साली गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. कागदाची भाषा बदलली, तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची अडचण बदलली नाही. फक्त अर्जनवीस नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दोनशे रुपये घेऊन काहीतरी टंकणारी दुकाने आली.

म्हणून आम्ही एक करू लागलो आहोत. दर रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल टाकतो. नव्या पिढीच्या मराठी मुलांना शाळेत कन्नड आवश्यक विषय आहे. आमच्यातील काहींना त्याचा राग आहे, त्यावर वाद होऊ शकतो. पण तीच मुले आज आजोबांचा अर्ज वाचतात. सातवी-आठवीच्या मुली आधी पेन्सिलीने भरतात, आम्ही तपासतो, मग पेनाने. प्रत्येक रकाना मराठीत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा घ्यायचा नाही, असा नियम आहे. ग्रामपंचायतीकडे अपंगांच्या कामासाठी एक गाव पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तो बहुधा स्वतः अपंग असतो आणि तुटपुंज्या मानधनावर राबतो. त्याला बोलावले की तो येतो. आमच्याकडे येणारा कन्नड भाषक आहे. पहिल्याच रविवारी त्याने आमच्या यादीतल्या तीन चुका काढल्या आणि म्हणाला की कन्नड म्हाताऱ्यांचेही अर्ज असेच परत जातात, वाचता येत नाही म्हणून नव्हे, विचारायला कोणी नसते म्हणून. तेव्हापासून टेबलावर दोन्ही भाषांचे लोक येतात. समितीत यावर दोन मते आहेत. आमचे एक मत आहे ते येथे लिहून मोकळे झालो.

ज्या गावांना असे टेबल घालायचे असेल त्यांनी कन्नड वाचणारी दोन मुले, एक वही आणि नियमितपणा एवढे जमवावे. वहीत नाव, आधारवरचे स्पेलिंग, दाखल्याची तारीख आणि पावतीचा क्रमांक लिहावा. बाकी काही लागत नाही.

‘तिरस्कृत’वाल्या त्या आमच्या विद्यार्थ्याने रेशन कार्ड आणि पासबुक सुधारून घेतले. डॉक्टरांच्या मंडळापुढे पुन्हा उभा राहिला, ओळखपत्राचा पट्टा पिवळा आला. गेल्या महिन्यात नाडकचेरीत नवा अर्ज गेला. या वेळी त्याच्या मुलीने तो भरला. पावतीवरचे पंधरा आकडे त्याने शर्टाच्या खिशात ठेवले आहेत, आणि ते आमच्या वहीतही आहेत.